उपग्रहाला गाऱ्हाणं

आमच्या धरणाच्या बांधावर पत्र्याचा एक खोलगट तिकोनी कोपरा बसवलेला आहे. वरून जाणाऱ्या उपग्रहाच्या रडारलहरी त्यावर आपटून परत जातात आणि बांध जरासा सरकला तरी कळतं. त्या पत्र्याची देखभाल माझ्याकडे.

एकदा पाहणीला गेले, तर पत्र्यात नारळ आणि उदबत्ती. समोर एक आजोबा, टोपी काखेत, हात जोडलेले.

"आजोबा, नारळ काढा. उपग्रहाला चुकीचं दिसेल."

"नारळ दिसता तेका?" ते खूश झाले. "मगे पावलोच म्हण गो बाय!"

तरी त्यांनी नारळ बाजूला ठेवला आणि आभाळाकडे बघून गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, बांध हललो तर पयला तुका कळता. माझां घर बांधाखालीच आसा. तर आधी माका सांग, मगे ह्यांच्या हापिसाक!"

आमचा इशारा किती टेबलं फिरून खालच्या गावात पोचतो, ते मला पाठ आहे. गाऱ्हाण्याला कोणीतरी साथ द्यावी लागते, आणि तिथे दुसरं कोणी नव्हतं. मी मोठ्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा!"