दारावरच्या कॅमेऱ्यातले काका

फूल तोडण्याआधी झाडाला हात जोडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या मंदारचे वडील. आम्ही सगळे त्यांना फुलांचे काका म्हणायचो.

काकू गेल्यावर ते नागपूरहून मुलाकडे कायमचे राहायला आले. सकाळी अंघोळ उरकली की डोक्याला माकडटोपी, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि देवासाठी फुलं आणायची फेरी सुरू. नागपुरात कुंपणाबाहेर आलेली फांदी गल्लीची. इथे कुंपणंच नाहीत, तेव्हा त्यांच्या हिशेबाने सगळीच झाडं गल्लीची. "काका, इथे परमिशन घ्यावी लागते," असं मी एकदा म्हटलं. तर म्हणाले, "काहून रे? झाडाला विचारतो ना मी!"

इंग्रजीवाचून त्यांचं काही अडत नसे. समोर येईल त्याला "गुड मॉर्निंग" म्हणायचे आणि वर थंडीबद्दल मराठीत दोन वाक्यं ऐकवायचे. कुत्री फिरवणाऱ्या बायका थांबून हसायच्या. इतकी वर्षं राहून माझ्या तेवढ्या ओळखी झाल्या नव्हत्या.

मग एका हिवाळ्यात कोपऱ्यावरच्या घराच्या कॅमेऱ्याने त्यांना टिपलं. कॉलनीच्या ग्रुपवर क्लिप आली. टोपीत तोंड झाकलेला, वाकलेला माणूस इकडेतिकडे बघतो, झुडपात हात घालतो, पिशवीत काहीतरी टाकतो. खाली प्रश्न, या संशयिताला कोणी ओळखतं का? जोडलेले हात क्लिप सुरू होण्याआधीचे, ते कुणाला दिसणार? रोज हसून थांबणाऱ्यांपैकीच कुणीकुणी लिहिलं होतं, पोलिसांना कळवा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मंदारने खुलासा केला. त्या घरच्या बाई स्वतः कॅमेलियाची फुलं घेऊन सॉरी म्हणायला आल्या. कॉलनीपुरतं प्रकरण मिटलं, काकांपुरतं मिटेना. ते ती क्लिप पुन्हा पुन्हा लावायचे.

"अरे, हा तर चोरच दिसते."

"काका, ते तुम्ही आहात!"

"तेच तर. मला तरी कुठे माहीत होतं?"

त्यांचं बाहेर पडणं थांबलं. विरंगुळा म्हणून मंदारने आपल्या दारावरच्या बेलमधला कॅमेरा त्यांच्या फोनला जोडून दिला. काका पडदे ओढून सोफ्यावर बसायचे आणि घरासमोरचा रस्ता फोनमध्ये बघायचे. "आज छान ऊन आहे," असं त्यात बघूनच सांगायचे. खिडकी हाताच्या अंतरावर होती. एक चक्कर मारू या म्हटलं की मान हलवायचे. "नको बाबा. त्या माणसाला बघून लेकरं घाबरतील."

पुढे माझी नोकरी बदलली आणि आम्ही दुसऱ्या राज्यात, हर्नडनला निघालो. निरोप घ्यायला गेलो तेव्हा मंदार ऑफिसला गेला होता. थंडी मी म्हणत होती. जॅकेटची टोपी ओढून, खिशात हात घालून मी बेल वाजवली. आत हालचाल नाही. मग बेलच्या स्पीकरमधून भेदरलेला आवाज आला, "हू आर यू?"

"काका, मी सुहास."

ते फोनमध्ये मला निरखत असणार.

"सुहास असा दिसत नाही," काका म्हणाले, आणि आतून दुसरं कुलूप लावल्याचा आवाज आला.