एका शब्दात दोन कामं

नत्थूजी कधी कोणाला 'बस' म्हणत नसत. घरी पाहुणा आला तर 'टेका'. ऑटो थांबवायचा तर 'रोको भैया'. बेसाहून आमच्या कळमेश्वरच्या शेडमध्ये बसनेच यायचे, पण विचारलं तर सांगणार, "यष्टीनं आलो." जेवताना त्यांच्या घरच्या कुसुमकाकू वाढत राहायच्या आणि हे ताटावर हात आडवे धरायचे. एकदा काकूंनी मुद्दाम हात आवरला नाही. गरम वरण मनगटावर सांडलं, तरी तो शब्द काही फुटला नाही. मी पोट धरून हसले होते. आज त्या हसण्याची लाज वाटते.

मी आणि ऋषी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि एक यंत्र बनवत होतो: पिवळं, चपटं, गुडघ्याएवढं. विमानाचं पुढचं चाक धरायचं आणि विमान हँगरच्या आतबाहेर करायचं. ट्रॅक्टर नाही, ड्रायव्हर नाही, हातात फक्त रिमोट. आम्हाला विमान कोण देणार? म्हणून लोखंडी सांगाड्याला चाकं लावली, वर रेतीची पोती टाकली आणि त्यालाच विमान म्हणू लागलो. खऱ्या विमानाशी संबंध आलेले एकटे नत्थूजी, ऋषीचे शेजारी. बावीस वर्षं ते एका ठेकेदाराकडे, परगावच्या विमानतळावर होते. ट्रॅक्टर विमान ओढायचा आणि हे पंखाच्या बाजूने चालत ओरडून इशारे द्यायचे.

एका फ्लाइंग क्लबने अट घातली होती: रिमोट हातातून पडला तरी यंत्र आवाजावर थांबलं पाहिजे, मगच आमच्या विमानाला हात लावा. ऋषीने शब्द निवडला, 'बस'. गाडी मागे घेताना अख्खं नागपूर तेच ओरडतं. आणि आवाज नत्थूजींचा घ्यायचा, कारण त्याने शेडचे पत्रे हलायचे.

"दुसरा शब्द घे गा," ते ऋषीला म्हणाले.

"काहून पण?" मी विचारलं.

"घे म्हटलं ना."

मी तापट आहे, लपवत नाही. "काका, कारण सांगा, नाहीतर अडवू नका," असं तोडून बोलले. ते चाकाच्या ठोकळ्यांजवळ जाऊन उभे राहिले. ऋषीने मग स्वतःचाच आवाज भरला.

शनिवारी दुपारी चाचणी घेतली. सांगाडा थांबला की चाकासमोर बसून लाकडी ठोकळा लावायचा, हे माझं काम. तेवढ्यात शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडर सुरू झाला. ऋषी ओरडला, "बस!" यंत्राला ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी बसले.

कोणीतरी माझी वेणी धरून मला मागे ओढलं. चाक ठोकळ्यावर चढलं, ठोकळा चिरफाळला, आणि मग कुठे ऋषीने रिमोटचं बटण दाबलं. नत्थूजी माझी वेणी सोडत नव्हते. "ऊठ गोविंदा, ऊठ," म्हणत होते.

पाणी पाजल्यावर ते बोलले.

"गोविंदा माह्या जोडीचा. म्या 'बस' म्हणो, की तिकडं ट्रॅक्टर थांबे न इकडं गोविंदा ठोकळा लावाले बसे. एका शब्दात दोन कामं. आमी हासो त्याच्यावर. त्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याले ऐकूच नाही गेलं. गोविंदा बसला."

"मग?" मी विचारलं.

"चौकशीत पुसलं, इशारा कोणं देल्ला? म्या म्हटलं, म्या तं तोंडच नाही उघडलं. कागदावर आलं, तो आपल्या मनानं बसला. त्याची बायको इथंच कळमेश्वरात राह्यते. मले च्या पाजते न म्हणते, आमचे हे घाईचेच होते."

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही खरं. शेवटी ऋषीने विचारलं, "मंग कोणता शब्द ठेवू, काका?"

"त्याचं नाव ठेव," ते म्हणाले. "म्या नाव घेतलं असतं, तं त्यानं वर पाह्यलं असतं."

रविवारी ऋषीने दुसरा माइक लावला आणि त्यांचा आवाज भरून घेतला. तिथून ते सरळ गोविंदाच्या बायकोकडे गेले. तिथे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. आज च्या नाही भेटला, एवढंच म्हणाले.

सोमवारी आम्ही ग्राइंडर मुद्दाम चालू ठेवायला सांगितला. नत्थूजींनी तोंडाशी हात धरले आणि हाक मारली, "गोविंदाऽऽ!" यंत्र ठोकळ्यापासून वीतभर अलीकडे जागच्या जागी थांबलं. ऋषी टाळ्या वाजवायला लागला. नत्थूजींनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि कान देऊन उभे राहिले. हाक ऐकल्यावर माणूस ओ देतो, तेवढा वेळ ते थांबले.

यंत्र कधीच थांबलं होतं. त्यांनी पुन्हा हाक मारली.