दांडी नसलेली सायकल

लिहिणं हा माझा प्रांत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराबाहेर मी फारसं काही लिहिलेलं नाही. तरी एका सायकलीबद्दल लिहायला बसलोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

काविळीनंतर माझ्या पायांत जोर उरला नव्हता. डॉक्टर म्हणाले, सायकल चालव. विक्रोळीहून मुलुंडचं कॉलेजही तिच्यावरून गाठता आलं असतं. बाबांनी कारखान्यातला बोनस माझ्या हातात दिला. "तू शिकलेला. तूच निवड."

मला शर्यतीची, वाकड्या हँडलची हवी होती. पण त्याच आठवड्यात आईने नोकरीचा अर्ज केला होता. दुपारी वस्त्यांमध्ये फिरून बाळांच्या लशींची नोंद ठेवायची. सायकल यायलाच हवी, तशी चाचणी होणार होती. आईने जन्मात सायकलीला हात लावला नव्हता.

घाटकोपरच्या दुकानात मिस्त्रीने विचारलं, "चालवणार कोण?"

"सकाळी मी, दुपारी आई."

"मग साडीला आडवी येणारी दांडी नको. पण यार, पोरं तुला सोडणार नाहीत."

मी दुकानाबाहेर दोन फेऱ्या मारल्या आणि बिनदांडीचीच घेतली. सीट खालीवर करायला एक पानाही घेतला.

कॉलेजात पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "काय रे, ताईची ढापलीस?"

"आईची आहे," मी म्हणालो. कान तापले, पण मान खाली गेली नाही.

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर आई पदर खोचून शिकायची. तोल लवकर आला, उतरणं मात्र जमेना. "अरे, उतरू कशी?" असं ओरडत ती गोल गोल फिरायची, शेवटी मी नाहीतर बाबांनी आडवं जाऊन हँडल धरायचं. चाचणीला कोण धरणार होतं?

चाचणीहून ती कोपर खरचटून आली. "उतरले एकदाची," एवढंच म्हणाली. मग तीन आठवडे काहीच कळलं नाही.

एका सकाळी तास संपवून बाहेर आलो, तर फाटकाशी बाबा उभे. दुसऱ्या पाळीचे कपडे अंगावर. माझ्या कॉलेजात ते कधीच आले नव्हते, आजही फाटकाच्या आत शिरले नव्हते.

"लशींच्या ऑफिसात यादी लागली," ते म्हणाले. "मी दोनदा वाचली. तिचं नाव आहे रे. सोमवारपासून कामावर."