सर अँब्रोझची काच

ओबडाया थ्रिपला लंडनमध्ये कुणी ओळखत नव्हतं. साप्ताहिकातल्या ज्या व्यंगचित्रांवर सगळे क्लब खिदळायचे, त्यांच्याखाली सही चित्रकाराची असे; ती छापण्यासाठी दगडावर उतरवणारे हात मात्र ओबडायाचे. दगडावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं, म्हणून ते काढायचंच उलटं. बावीस वर्षं हे करून गडी स्वतःच उलटा झाला होता. कोटाची बटणं बायको, केझाया, लावून द्यायची, म्हणून तो रस्त्यात माणसासारखा दिसायचा.

कामात मात्र चूक नाही. छापखान्याचे मालक गार्बट यांचा नियमच होता, डावं-उजवं चुकलं की त्याच दिवशी घरी. आणि पन्नाशीच्या उलट्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार?

त्या आठवड्यात पाळी होती खासदार सर अँब्रोझ टिलस्टन यांची. नाक गलबताच्या शिडासारखं, आणि उजव्या डोळ्याला चष्म्याची एकटीच काच. सगळं उलटं चढवून झालं, काच तेवढी राहिली. तेवढ्यात केझायानं पाठवलेलं मटणाचं पुडिंग आलं, वाफाळतं. पोटातल्या कावळ्यांनी घाई केली आणि ओबडायानं मूळ चित्रात पाहून काच तशीच्या तशी, सरळ काढून टाकली.

अंक निघाला तेव्हा छापखान्याच्या दुकानापुढे गर्दी खदाखदा हसत होती आणि ओबडायानं चित्र पाहून कपाळावर हात मारला. सर अँब्रोझची काच डाव्या डोळ्याला! घरी सांगितलं तर केझाया हसता हसता जमिनीवरच बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "उद्या सकाळी जा आणि सांगून टाक. दुसऱ्यानं सांगितलं तर जास्त लागेल."

सकाळी तो गार्बटपुढे उभा राहिला, घसा खाकरला, आणि दारात बग्गी थांबली. आत आले खुद्द सर अँब्रोझ. त्यांनी ऐटीत हॅट काढली आणि खुंटीवर टांगलेल्या शाईच्या एप्रनला वाकून म्हणाले, "गार्बट, अभिनंदन!"

काच डाव्या डोळ्याला होती. तो डोळा अजून काचेला सरावला नव्हता, हे उघडच होतं. मागे कामगारांनी तोंडात बोळे कोंबले.

ओबडायाला राहवेना. "साहेब, चूक माझी. काच उजवीकडे हवी होती."

गार्बट लालेलाल झाले. दाराकडे बोट दाखवायला त्यांचा हात वर गेलाच होता. सर अँब्रोझनी आवाजाच्या रोखानं मान वळवली आणि नाकाबद्दल विचारलं, तेही चुकलंय का? नाकाला आपण बोटही लावलं नाही, असं ओबडायानं शपथेवर सांगितलं. सर अँब्रोझनी सुस्कारा सोडला. काल क्लबच्या दरवानानं त्यांना अडवलं होतं म्हणे, चित्रातल्यासारखे दिसत नाहीत म्हणून; तेव्हापासून काच डावीकडे.

"संसदेत माझ्यामागून आलेले तिघं तुमच्या अंकात झळकले," ते हळूच म्हणाले. "मी अकरा वर्षं वाट पाहिली. चूक म्हटली, तर चित्रातला तो मी नाही. आणि तो मी नसेन, तर माझं चित्र अजून आलेलंच नाही."

कुणी हसलं नाही. गार्बटनी हात खाली घेतला आणि ओबडायाला म्हणाले, "थ्रिप, साहेबांना बग्गीपर्यंत पोचव. हात धरून ने."