डावरा कोयता

मोठ्या विळ्याला कोयता म्हणणारी माणसं हल्ली भेटतात, तेव्हा माझं डोकंच फिरतं. विळा गवताला. कोयत्याचं पातं रुंद, पाठ जाड, पुढं किंचित वाकलेलं आणि वजन सगळं टोकाकडं. हात नुसता उचलायचा, खाली यायचं त्याचं तो बघतो. आणि धार एकाच अंगाला. उजव्या हाताचा कोयता डाव्यात दिला, की उसात शिरायचं सोडून बाहेर घसरतो. आमच्या कोऱ्हाळ्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पंचावन्न-छप्पनची गोष्ट. माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात गुऱ्हाळाच्या चरकात सापडला. अंगठा तेवढा राहिला. दादाला ऊसतोडीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. जखम सुकताच आबा, आमचे वडील, पिंपळीच्या लोहाराकडे गेले आणि मालमोटारीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा डावरा कोयता घडवून घेऊन आले.

दादा बांधावरच्या बाभळीवर हात बसवू लागला. आधी चुकायचा, चिडायचा. मग एका घावात फांदी खाली येऊ लागली. आबा मिशीत हसायचे. शेजारी येऊन धार बघायचे, वजन बघायचे, मुठीला नावं ठेवायचे. दसऱ्याला आईनं सगळ्या अवजारांआधी त्या कोयत्याला हळदकुंकू वाहिलं. मी तर मनातल्या मनात दादाचं लग्नही लावून मोकळी झाले होते.

तोड सुरू झाली. दादा सरीत वाकला, घाव घातला. ऊस बुडाशी सपकन तुटला आणि भलतीकडेच आडवा झाला. दुसरा त्यानं मनगटानं दाबून पाहिला, तो निसटला. तिसरा काखेत धरला, तर पाचटानं गाल चिरला. शेंडा छाटायला ऊस हातात यायला हवा, तो येईना. बाकीचे तोडत तोडत पुढे निघून गेले.

"आरं, धर की त्याला!" आबा ओरडले.

दादा वळला. "कशानं धरू, आबा?"

कोयता धरणाऱ्या हाताची काळजी आम्ही सगळ्यांनी वाहिली होती. ऊस धरणारा हात कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. लोहाराच्या नाही, आईच्या नाही, माझ्याही नाही.

आबा स्वतः त्याच्या सरीत शिरले. दादा बांधावर जाऊन बसला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. पुढे कधीच कुणी त्याला तोडीला हाक मारली नाही.