एका पिशवीचं कुलूप

आमच्या रक्तपेढीत नोंदी सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे कुलूपमामा म्हणायचे. त्यांच्या जुन्या डेटाबेसमध्ये मी एखाद्या पिशवीची नोंद रुग्णाला द्यायला उघडली, की ती बाकी सगळ्यांना बंद. शेजारच्या खिडकीवरची बाई कुरकुरायची आणि मामा म्हणायचे, थांबा की जरा. एकोणीस वर्षांत एक पिशवी कधी दोघांना कबूल झाली नाही. माणूस इतका काटेकोर, की डबासुद्धा नोंद करून उघडत असेल, अशी आम्ही थट्टा करायचो.

मग नवे साहेब आले. त्यांना आठ संगणकांवर काम वाटून डोंगराएवढा डेटा उपसणारं इंजिन हवं होतं. आमचा सगळा डेटा मामांच्या एका यंत्रात मावून वर जागा उरत होती. मामांनी अकरा पानांचं टिपण लिहिलं. वर्षावर्षांचे आकडे काढायला हे इंजिन उत्तम, पण ते नोंदी तासातून एकदा उचलतं. मधल्या वेळात पिशवी गेली तरी पडद्यावर दिसत राहील. साहेबांनी ते चाळल्यासारखं केलं आणि विचारलं, निवृत्तीला दोन वर्षं उरली म्हणून नवं शिकायची भीती वाटते का? मामांना ते फार लागलं. भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा त्यांनी संमतीवर सही केली. मला मामांचा तेव्हाही राग आला होता, आजही येतो.

नवं इंजिन सुरू झालं आणि तिसऱ्याच आठवड्यात एका दुर्मिळ रक्तगटाची एकुलती एक पिशवी उरली होती. सव्वाअकराला शेजारच्या खिडकीवरच्या बाईने ती एका रुग्णाला दिली. साडेअकराला एका प्रसूतिगृहातून फोन आला. माझ्या पडद्यावर पिशवी होती.

"आहे. माणूस पाठवा," मी म्हणाले.

माझ्या भरवशावर त्यांनी दुसरीकडे विचारलंच नाही. बाळंतिणीचा नवरा धापा टाकत आला, तेव्हा फ्रीजमधला तो कप्पा रिकामा होता. त्याची बायको दुपारी गेली. मूल वाचलं.

चौकशीच्या अहवालात एक वाक्य होतं: असं काही घडेल याची कोणालाही कल्पना नव्हती. मामांनी ते दोनदा वाचलं.

"मला होती," ते म्हणाले.

"मग संमतीवर सही कोणाची, तेही लिहावं लागेल," साहेब म्हणाले.

टिपणाची अकरा पानं माझ्याच टेबलाच्या खणात होती. मी खण उघडला नाही. मामांनी पेन काढलं आणि अहवालावरही सही केली.