चिखलदऱ्याच्या घाटातली अश्वशक्ती

सकाळी आठला अकोला सोडलं. पुण्यातल्या एका पिकअप-कंपनीची माहितीपत्रकं मी मराठीत लिहितो. समाधानी ग्राहकाचा अनुभव टिपायला मला इकडे पाठवलं होतं. ग्राहक म्हणजे रमाताई, स्वतःची पिकअप स्वतः चालवणाऱ्या. मागे नवा पंप आणि लोखंडी पाइप होते. चिखलदऱ्याच्या एका आश्रमशाळेचा पंप जळाला होता, आणि चार दिवस तिथल्या मुली डोक्यावरून पाणी आणत होत्या.

अकोटच्या पुढे काळ्या रानांत कपाशी फुटली होती. मी इंजिनाची अश्वशक्ती सांगायला लागलो, तर ताईंनी मधेच तोडलं.

"भाऊ, तो आकडा इंजिन फुल पळवून काढतेत. चढावर मले हळू चालताना ओढ पायजे. ते काहून नाही छापत तुमी?"

"माल जास्त झालाय का?"

"कंपनीनं लिहिलं त्याच्या आतच हाय."

परतवाड्याला मी आलूबोंडा (आपला बटाटावडा) तिखट रश्श्यात बुडवून खाल्ला. ताईंनी नुसता चहा घेतला.

घाटात एका अरुंद वळणावर समोरून बस आली, म्हणून थांबावं लागलं. बस गेली, पण आमची गाडी उचलेना. पहिल्या गिअरमध्ये इंजिन थरथरलं आणि बंद पडलं. हँडब्रेक ओढला तरी गाडी मागे सरकत होती. मागे कठडा, त्याच्यापलीकडे नुसती दरी.

"उतरा! चाकाले गोटा (दगड) लावा!"

मी उडी मारली. पहिला दगड चाकाखालून निसटला. दुसरा दोन्ही हातांनी रेटला, तेव्हा गाडी थांबली. कठडा हातभर उरला होता.

ताई उतरल्या, रस्त्यातच बसल्या. मग अर्धे पाइप उतरवून दोन खेपा केल्या. दुपारी शाळेत पंप पोचला, तेव्हा मुली टाळ्या वाजवत धावत आल्या.

संध्याकाळी अकोला स्टेशनवर मी चाचरत विचारलं, "ताई, काय लिहू?"

"घडलं तेच. नाव टाका माझं, भेत नाही मी."

गाडी सुटल्यावर वही उघडली. सोललेल्या तळव्यांनी पेन धरवत नव्हतं. नऊ वर्षं मी या पिकअपची ताकद लोकांना सांगत आलो, आणि तिच्यात बसलो होतो आज पहिल्यांदा.